वठत चाललेला जुना आंबा: कोयी रुजवाव्यात की कलमे बांधावीत?

कोवळी_पालवी

आमच्या घरामागे आंब्याचे एक फार जुने झाड आहे. ते कोणी लावले हे घरात कोणालाही नक्की सांगता येत नाही आणि त्याच्या जातीला नावही नाही. फळ मध्यम आकाराचे, साल जाड, रेषा अगदी थोड्या, आणि पिकल्यावर गोडीच्या मागून किंचित आंबटपणा येतो. गेल्या तीन वर्षांत खोडाला भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागली आणि एका बाजूच्या साऱ्या फांद्या वठल्या. उपचार करूनही झाड फार वर्षे टिकेल असे आता वाटत नाही.

या हंगामातील फळे खाऊन झाल्यावर मी १८ कोयी बाजूला ठेवल्या आहेत. माझा प्रश्न असा आहे की, या कोयींपासून वाढलेल्या झाडांना हेच फळ येईल का? येणार नसेल, तर कलम बांधणे घरच्या घरी जमण्यासारखे आहे का? काड्या खोचून जास्वंद वाढवण्यापलीकडे मला याचा काहीही अनुभव नाही. आंब्याव्यतिरिक्त इतर फळझाडांची रोपे ज्यांनी घरी तयार केली आहेत, त्यांनीही कृपया आपले अनुभव लिहावेत. त्यातून मला पुष्कळ शिकता येईल.

मातीचा_वास

सर्वांत आधी एक विचारतो. कोयी उन्हात वाळवत ठेवल्या नाहीत ना? ठेवल्या असतील तर हे वाचताच सावलीत आणा आणि आजच लावा.

खुंट_आणि_काडी

मातीचा_वास यांनी अगदी वेळेवर सावध केले आहे. धान्याचे किंवा भाजीचे बी वाळवून वर्षभर ठेवता येते; आंबा, फणस, लिची, मँगोस्टीन यांच्या बिया मात्र वाळल्या की मरतात. त्यांच्यात ओल असते तोवरच जीव असतो. लिचीचे बी फळातून काढल्यावर चार-पाच दिवसांतच निकामी होऊ लागते. आंब्याची कोय त्या मानाने काही दिवस अधिक तग धरते, पण जितकी ताजी तितकी उत्तम.

कोय धुऊन तिच्यावरचा गर पूर्ण काढा. बाहेरचे कठीण कवच कडेने अलगद उघडून आतला दळ बाहेर काढता आला, तर उगवण लवकर आणि अधिक सरळ होते. हे करताना कात्रीचे टोक आत शिरणार नाही याची काळजी घ्या. दळ काळा पडलेला किंवा किडीने पोखरलेला असेल तर तो टाकून द्या. लावताना फुगीर कड वर ठेवावी, वर मातीचा जेमतेम थर असावा, आणि पिशवी उथळ नसावी. सोटमूळ खाली तळाशी पोहोचून गोल फिरू लागले की ते वळण झाडाच्या मुळांत पुढे कायमचे राहते. माती पाणी धरून ठेवणारी पण चिखल न होणारी हवी. साधारण दोन ते तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतील.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कोयीतला गर्भ हा आईच्या फुलावर दुसऱ्या कुठल्यातरी झाडाचा पराग पडून तयार झालेला असतो. त्यामुळे रोप हे त्या झाडाचे मूल असते, तेच झाड नव्हे. फळ चांगले येईलही, पण हेच येईल अशी खात्री देता येत नाही. हेच फळ हवे असेल तर याच झाडाची काडी घेऊन कलम करावे लागेल. रुजवलेली रोपे वाया जाणार नाहीत. तीच तुमचे खुंट, म्हणजे ज्यांवर काडी बांधायची ती मुळांसकटची रोपे, होतील.

पानगळ

मी अगदी हेच लिहिणार होते. कोयी लावाच, पण भिस्त कलमावर ठेवा.

मातीचा_वास

खुंट_आणि_काडी यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, तरीही बीजापासून वाढवलेल्या झाडांना असे दुय्यम ठरवले जाते तेव्हा मला वाईट वाटते. आज ज्या जातींची आपण कलमे बांधतो, त्यांतली जवळजवळ प्रत्येक जात कधीतरी एका बीजातूनच आली आहे. फ्लोरिडातील ‘हेडन’ हा आंबा घ्या. तो भारतातून तिकडे गेलेल्या ‘मलगोबा’ जातीच्या कोयीतून १९०२ साली वाढला आणि त्याला पहिली फळे १९१० साली आली. फळ आईपेक्षा वेगळे निघाले आणि तेच लोकांना आवडले.

‘हास’ अ‍ॅव्होकाडोची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास या टपाल वाटणाऱ्या गृहस्थांनी १९२० च्या दशकात बिया लावल्या होत्या. त्या रोपांवर ‘फुएर्ते’ या जातीची कलमे बांधायची हा त्यांचा बेत होता. एका रोपावर कलम जगेना, म्हणून त्यांनी ते तसेच वाढू दिले. त्या रोपाला जे फळ आले त्याचे त्यांनी १९३५ साली पेटंट घेतले, आणि आज जगभर सर्वाधिक विकला जाणारा अ‍ॅव्होकाडो तोच आहे. कलम त्या दिवशी जगले असते तर ही जात जन्मालाच आली नसती. म्हणून कोवळी_पालवी यांना माझे सांगणे असे की, निदान दोन-तीन रोपे कलम न करता राखून ठेवा.

खुंट_आणि_काडी

उदाहरणे खरी आहेत आणि बीजाला मी कमी लेखत नाही. मात्र एका ‘हास’मागे अशी असंख्य रोपे असतात ज्यांचे फळ तंतुमय, आंबट किंवा अगदी सामान्य निघते आणि ज्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. ज्याच्याकडे मोठी जमीन आहे त्याने बीजाचे प्रयोग जरूर करावेत. घरामागे एकाच झाडाची जागा असेल, तर सहा ते दहा वर्षे वाट पाहून काय निघते ते बघणे परवडणारे नसते.

आणि ‘हास’चा शेवटही या धाग्याशी जुळणारा आहे. ते मूळ झाड मुळे कुजण्याच्या रोगाने २००२ साली गेले. जात मात्र गेली नाही, कारण तोवर त्याच्या काड्या अनेक देशांतल्या खुंटांवर चढल्या होत्या. झाड जिवंत असेपर्यंतच काडी घेता येते. कोवळी_पालवी, तुमच्यासाठी तातडीची गोष्ट हीच आहे.

सावलीतली_रोपे

फणसाचा माझा अनुभव लिहितो. पहिल्या खेपेस मी आठळ्या लहान पिशव्यांत लावल्या. रोपे छान आली, पण सहा महिन्यांनी जमिनीत हलवल्यावर दहापैकी आठ सुकून गेली. पिशवी फाडली तेव्हा सोटमूळ तळाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले होते आणि मोकळे करताना ते तुटले. फणसाला मुळाशी झालेली छेडछाड सहन होत नाही. दुसऱ्या खेपेस आठळ्या थेट कायमच्या जागी, एका खड्ड्यात तीन अशा लावल्या आणि सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची जमिनीलगत कापली. ती झाडे आज उत्तम वाढली आहेत.

फळाबाबत मात्र खुंट_आणि_काडी यांचेच म्हणणे खरे ठरले. आठळ्या कापा फणसाच्या होत्या आणि दोन झाडांपैकी एक बरका निघाला.

ओलसर_माती

माझे सारे प्रेम पेरूवर आणि गुटी कलमावर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. ज्यांना चाकू चालवण्याची भीती वाटते त्यांनी गुटीपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. यात फांदी झाडापासून तोडायचीच नसते. मुळे आली तर उत्तम, आली नाहीत तर झाडाचे फारसे बिघडत नाही.

हवा दमट असताना पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षभराच्या आतबाहेरची निरोगी फांदी निवडावी. तिच्यावर साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी. साल काढल्यावर आतल्या पांढऱ्या लाकडावर जो निसरडा पातळ थर राहतो तो चाकूच्या पाठीने नीट खरवडावा. बहुतेकांची गुटी फसते ती इथेच. तो थर राहिला की झाड काही दिवसांत नवी साल तयार करून जखम जोडून घेते आणि मुळे फुटतच नाहीत. नंतर भिजवून घट्ट पिळलेले स्पॅग्नम शेवाळ मुठीएवढे भोवती बसवावे, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके हवाबंद बांधावीत.

हे का घडते ते कळले की हात आपोआप नेमके काम करतो. पाणी मुळांकडून वर जाते ते लाकडातून, म्हणून साल काढली तरी फांदी कोमेजत नाही. पानांत तयार झालेले अन्न आणि मुळे फुटण्यास चालना देणारी संप्रेरके खाली येतात ती सालीतून. वाट तुटल्यामुळे ती जखमेच्या वरच्या कडेला साठतात आणि मुळेही त्याच कडेतून फुटतात. म्हणून मुळांसाठीची पूड लावायची असेल तर वरच्या कडेला लावावी.

पेरूला साधारण पाच-सहा आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. ती दिसली की घाईने तोडू नका. मुळे तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटेपर्यंत थांबा. मग शेवाळाच्या खालून फांदी कापा, निम्मी पाने काढा आणि कुंडीत लावून सावलीत ठेवा. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसते, म्हणून पहिली काही वर्षे त्याला वाऱ्यात आधाराची काठी हवीच.

रानजांभूळ

ओलसर_माती, अतिशय उपयुक्त माहिती. लिचीलाही गुटीच करतात. त्यात एक भर घालावीशी वाटते: नव्या रोपाच्या मातीत जुन्या लिचीच्या बुंध्याजवळची थोडी माती मिसळावी. लिचीच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी त्या मातीतून नव्या मुळांना मिळते.

नवशिका_माळी

मुळांच्या पुडीऐवजी मध लावला तर चालतो असे अनेक ठिकाणी वाचले आहे. कोणाला अनुभव आहे का? आणि पेरूला इतके सोपे असेल तर आंब्यालाच गुटी का करू नये?

ओलसर_माती

मधात मुळे फुटवणारे संप्रेरक नसते. तो जखमेवर जंतूंची वाढ थोडी रोखत असेल, इतकेच. पुडीत बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असते आणि मुळे फुटण्यास खरी मदत त्याची होते. पेरूला मी पूड न लावताही मुळे आणली आहेत, त्यामुळे मध लावून यश आले असेल तर ते श्रेय मधाचे नसून पेरूचे आहे, असे मला वाटते.

खुंट_आणि_काडी

आंब्यावर गुटीला मुळे फार कमी वेळा येतात, आणि आली तरी सोटमुळाशिवाय एवढा मोठा वृक्ष जमिनीत नीट पाय रोवू शकत नाही. वठणाऱ्या झाडाच्या मोजक्या चांगल्या फांद्या त्या प्रयोगात घालवू नयेत.

पानगळ

विषय निघालाच आहे तर पपईबद्दल दोन शब्द. बी ताजे असूनही उगवत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. बिया चाळणीवर चोळून तो पूर्ण धुऊन काढा. दुसरे म्हणजे एका जागी एकच रोप लावू नका. नर आणि मादी झाडे वेगळी असलेल्या जातींत साधारण निम्मी रोपे नर निघतात आणि फुले येईपर्यंत ते ओळखता येत नाही. तीन-चार रोपे लावा, फुले आल्यावर फाजील नर काढून टाका. उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्याच परागाने धरलेल्या बियांतून मात्र नर येत नाहीत. दोन उभयलिंगी झाडांमागे एक मादी असे सर्वसाधारण प्रमाण पडते. आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, पपई ते दोन दिवसही सहन करत नाही.

कोवळी_पालवी

सर्वांचे मनापासून आभार. कोयी त्याच दिवशी कवच काढून खोल पिशव्यांत लावल्या होत्या. आज पंचवीस दिवस झाले. १८ पैकी १३ उगवल्या आणि कोवळी तांबूस पाने आली आहेत.

मात्र एक गोष्ट मला समजत नाही. १३ पैकी ९ पिशव्यांत एकाच कोयीतून दोन किंवा तीन कोंब आले आहेत, एका पिशवीत तर चार आहेत. कवच काढताना माझ्याकडून दळाला इजा झाली आणि म्हणून तो असा फुटला का?

खुंट_आणि_काडी

कोवळी_पालवी, या प्रश्नाने माझ्या पहिल्या उत्तराचा पायाच बदलला आहे, त्यामुळे आधी एक तपासून सांगा. एखाद्या पिशवीतली माती हलक्या हाताने बाजूला करून पाहा. सारे कोंब एकाच दांड्याला फुटलेल्या फांद्या आहेत, की प्रत्येक कोंबाला स्वतःचे वेगळे मूळ आहे?

कोवळी_पालवी

तीन पिशव्या पाहिल्या. प्रत्येक कोंबाला स्वतःचे मूळ आहे. दळही आत वेगवेगळ्या तुकड्यांचा असल्यासारखा दिसतो.

खुंट_आणि_काडी

मग मला माझे विधान दुरुस्त केले पाहिजे. तुमच्या हातून कोणतीही इजा झालेली नाही. तुमचे झाड बहुभ्रूणी आहे.

आंब्यात दोन प्रकार असतात. हापूससारख्या एकभ्रूणी जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागातून आलेला असतो. मी जे लिहिले होते ते अशा आंब्यांना लागू पडते. बहुभ्रूणी जातींत परागातून आलेल्या गर्भाशिवाय आईच्याच बीजांडातील ऊतींपासून आणखी गर्भ तयार होतात. त्यांच्यात बापाचा वाटा काहीही नसतो. ती रोपे म्हणजे आईची हुबेहूब प्रत असते. ओलूर, बप्पकाई, चंद्रकारन, कुरुक्कन, वेल्लइकोलुंबन या जाती अशा आहेत, आणि आग्नेय आशियातले अनेक आंबेही याच प्रकारचे आहेत. म्हणजे तुमच्या बहुतेक कोंबांतून हेच फळ मिळण्याची चांगली शक्यता आहे. मी घाईने सर्वसाधारण नियम सांगितला. आधी कोंब येऊ द्या, मग बोलू, असे म्हणायला हवे होते.

मातीचा_वास

वा! हे वाचून खरोखर आनंद झाला. बीजाची बाजू मी घेतली होती ती वेगळ्याच कारणासाठी, पण या झाडाने आपली बाजू स्वतःच मांडली.

रानजांभूळ

हा गुण आंब्यापुरता नाही. कागदी लिंबाच्या एका बीतून दोन-तीन रोपे येतात ती याच कारणाने, आणि म्हणूनच लिंबाची बीजापासून केलेली झाडे आईसारखी निघतात. जांभळातही बहुभ्रूणी बिया आढळतात. मँगोस्टीन तर या बाबतीत टोकाचे आहे. त्याचे बी परागाशिवायच तयार होते, त्यामुळे त्याची रोपे आईचीच प्रत असतात. फक्त ते इतके सावकाश वाढते की फळासाठी आठ-दहा वर्षांची तयारी ठेवावी लागते.

नवशिका_माळी

म्हणजे प्रत्येक पिशवीतला सर्वांत अशक्त कोंब काढून टाकला की काम झाले का? परागातून आलेला कोंब नेहमी दुबळा असतो असे वाचले होते.

रानजांभूळ

पुष्कळदा तो दुबळा असतो किंवा मरूनही जातो, परंतु नेहमी नाही. कधी तोच सर्वांत जोमदार निघतो. डोळ्यांनी खात्रीने ओळखण्याचा उपाय घरी नाही. एकाच पिशवीतल्या आणि इतर पिशव्यांतल्या रोपांची पाने चुरगळून वास घ्यावा, पानांचा आकार आणि कोवळ्या पालवीचा रंग ताडून पाहावा. जे रोप बाकीच्यांपेक्षा स्पष्ट वेगळे दिसेल ते बाजूला काढावे. एकमेकांशी जुळणारी रोपे आईची प्रत असण्याची शक्यता अधिक. कोंब वेगळे करायचे असतील तर आताच, मुळे गुंतण्यापूर्वी करा. प्रत्येकाबरोबर दळाचा त्याचा तुकडा राहू द्या.

खुंट_आणि_काडी

रानजांभूळ यांच्याशी पूर्ण सहमत. तरीही कलमाचा बेत सोडू नका, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे रोप आईची प्रत असले तरी त्याचे बालपण नव्याने सुरू होते; मोहोर येण्याआधी त्याला ती सारी वर्षे काढावीच लागतात. फळणाऱ्या झाडाची काडी मात्र वयात आलेली असते, म्हणून कलमाला तीन ते पाच वर्षांत फळ धरता येते. दुसरे, कोणता कोंब परागाचा हे नक्की ठाऊक नसताना कलम ही पक्की खात्री आहे.

सर्वसाधारणपणे या वयाच्या तांबूस पानांच्या रोपांवर कोय कलम करतात. तुमच्या झाडाला सध्या कलमाजोगत्या काड्या आहेत का? तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही, अशी काडी लागते.

कोवळी_पालवी

आज शिडी लावून पाहिले. जिवंत बाजूला जुनी काळपट पाने आहेत, नवी पालवी जवळपास नाहीच. काड्या बारीक आणि वाळकट दिसतात.

खुंट_आणि_काडी

मग आता कलम करू नका, काड्या वाया जातील. जिवंत बाजूची मनगटापेक्षा थोडी बारीक अशी एक निरोगी फांदी मागे छाटा आणि काप बुरशीनाशकाच्या लेपाने बंद करा. झाडाला पाणी आणि कुजलेले खत द्या. त्या कापाखालून जोमदार धुमारे येतील. त्यांतले चार-पाच राखून बाकीचे विरळ करा. ते पक्व होईपर्यंत तुमची रोपेही जाड होतील, आणि मग कोय कलमाऐवजी मृदुकाष्ठ कलम, म्हणजे वाढलेल्या रोपाच्या कोवळ्या भागावरचे कलम, करता येईल.

काडी तोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी ती झाडावर असतानाच तिची पाने कापा, देठ ठेवा. देठ आपोआप गळू लागले आणि डोळा टपोरा झाला की काडी तयार आहे असे समजावे. खुंट रोपावर नवी कोवळी पालवी आलेली असताना, त्या मऊ भागावर शेंडा छाटून मधोमध तीन-चार सेंटिमीटर खोल चीर द्यावी. काडीचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तितक्याच लांबीचे पाचरीसारखे तासावे. काप एका ओढीत सपाट यायला हवा. खरवडलेला खडबडीत काप जुळत नाही. पाचर चिरेत बसवताना सालीखालचा हिरवट थर सालीखालच्या थराला भिडला पाहिजे. जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूला तरी भिडवावा. जोडणारा जिवंत थर तोच आहे, मधले लाकूड एकमेकांना चिकटत नाही. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधा आणि वरून पातळ पिशवी घाला, म्हणजे काडी सुकत नाही. चाकू प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसावा. आधी निरुपयोगी फांद्यांवर तीस-चाळीस काप करून हात बसवा.

सावलीतली_रोपे

काडी कोठून घ्यावी याबद्दल कोकमाचा एक अनुभव सांगतो. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, म्हणून मी खात्रीच्या मादी झाडाची काडी घेऊन कलमे केली. कलमे जगली, पण झाडे वर जाण्याऐवजी जमिनीवर आडवी पसरली. काड्या आडव्या फांद्यांच्या घेतल्या होत्या आणि कलम होऊनही त्यांनी आपला आडवा स्वभाव सोडला नाही. कोकमासाठी सरळ वर वाढणारा धुमाराच निवडावा. आंब्यात ही अडचण येत नाही, पण ज्यांना इतर झाडे करायची आहेत त्यांना हे उपयोगी पडेल.

ओलसर_माती

हाताला आलेल्या अपयशातून शिकलेल्या दोन गोष्टी मीही सांगते. माझे पहिले आंब्याचे कलम उत्तम फुटले. आनंदाच्या भरात मी बांधलेली पट्टी वर्षभर तशीच ठेवली. ती खोडात रुतली आणि एका वाऱ्याच्या रात्री कलम नेमके तिथेच मोडले. जोड पक्का झाल्यावर, साधारण तीन महिन्यांत, पट्टी उभी कापून काढावी.

दुसरी चूक अधिक महाग पडली. जोडाखालून फुटलेले कोंब मी काढले नाहीत, आणि हळूहळू खुंटाने कलमालाच मागे टाकले. चार वर्षे मी ज्या झाडाची निगा राखली ते खुंटाचे झाड होते. जोडाखाली दिसेल तो कोंब त्याच आठवड्यात बोटाने मोडावा.

नवशिका_माळी

केळीवरही कलम करता येते का?

पानगळ

नाही. केळी, नारळ, अननस यांच्या खोडात सालीखालचा तो जोडणारा थरच नसतो, म्हणून घरच्या पद्धतीने त्यांची कलमे होत नाहीत. केळीसाठी तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिले) घ्यावेत. रुंद पानांचे पाणमुनवे घेऊ नयेत. अननसाचा शेंडा चार दिवस सावलीत सुकवून लावला की रुजतो.

केळीच्या निमित्ताने एक सावधगिरीची गोष्ट. प्रतीवर प्रत काढत गेलो की रोगही प्रत्येक प्रतीला सारखाच छळतो. ‘ग्रो मिशेल’ ही जगभर विकली जाणारी केळी पनामा मर रोगाने इतकी ग्रासली की १९५० आणि १९६० च्या दशकांत तिची जागा ‘कॅव्हेंडिश’ने घेतली. म्हणून मातीचा_वास यांनी सुचवलेली दोन-तीन वेगळी रोपे मलाही राखावीशी वाटतात.

मातीचा_वास

पानगळ, धन्यवाद. कोवळी_पालवी, पानांच्या वासावरून जे रोप वेगळे ठरेल ते कृपया फेकू नका. जागा नसेल तर ज्याच्याकडे जागा आहे अशा कोणाला द्या.

कोवळी_पालवी

पाच महिन्यांनंतर परत लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

छाटलेल्या फांदीवर अकरा धुमारे आले, त्यांतले पाच राखले. त्यांना फाटे फुटून कलमाजोगत्या ९ काड्या मिळाल्या. तोवर मी सांगितल्याप्रमाणे शेवग्याच्या आणि जास्वंदीच्या फांद्यांवर काप करत राहिले. पहिले पंचवीस काप पाहण्यासारखे नव्हते, नंतर हात स्थिरावला. खुंट म्हणून याच झाडाची रोपे घेतली. ९ कलमे एकाच सकाळी बांधली.

तीन काड्या दहा दिवसांत काळ्या पडल्या. दोन हिरव्या राहिल्या, पण फुटल्याच नाहीत, आणि पुढे सुकल्या. चार फुटल्या. पहिला डोळा बाविसाव्या दिवशी उघडला. पिशवीच्या आतल्या बाष्पामागे ते तांबूस टोक दिसले तेव्हा मी घरातल्या सर्वांना बोलावून दाखवले. आता प्रत्येकावर पानांचे एक पूर्ण चक्र आले आहे.

एकूण रोपांपैकी दोनच रोपांच्या पानांचा वास स्पष्ट वेगळा येतो. मातीचा_वास, ती दोन्ही मी ठेवली आहेत. एक माझ्या बहिणीकडे मोकळ्या जागेत जाणार आहे. जुने झाड अजून उभे आहे. कलम त्याच्या जागीच लावावे असे घरात सर्वांना वाटते. ते योग्य होईल का?

खुंट_आणि_काडी

पहिल्या प्रयत्नात ९ पैकी ४ हे उत्तम यश आहे. मनःपूर्वक अभिनंदन.

त्याच खड्ड्यात लावू नका. जुन्या मुळांचे कुजणारे अवशेष, तिथली बुरशी आणि उरलेले जुने खोड यांचा नव्या झाडाला त्रास होतो, आणि भिरूड लागलेले लाकूड जवळ राहिले तर किडीलाही दूर जावे लागत नाही. सहा-सात मीटर बाजूला, पूर्ण ऊन मिळेल अशी जागा पाहा. वठलेल्या फांद्या कापून तिथून हलवा. कलमे आणखी सहा महिने पिशवीतच वाढू द्या, आणि चारही एकाच ठिकाणी लावू नका. निदान एक तरी दुसऱ्या कोणाच्या जमिनीत असू द्या. पहिल्या तीन वर्षांत मोहोर आला तर तो खुडून टाका.

कोवळी_पालवी

सहा मीटरवर विहिरीच्या बाजूला जागा आहे, तिथे सकाळपासून ऊन असते. एक कलम बहिणीकडे त्या वेगळ्या रोपाबरोबरच देते. मोहोर खुडणे जड जाईल, पण खुडेन. पट्टी कापायची तारीख भिंतीवर लिहून ठेवली आहे.